सेलूच्या अलीकडे

लोकांच्या पहिल्या भेटीत नजरेला नजर तरी मिळते. माझ्या नशिबी तेही नव्हतं. धनंजय मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मला स्वतःची पापणी उचलता येत नव्हती आणि तोंडातून लाळ गळत होती. असली नायिका कोणाच्या वाट्याला येऊ नये!

सप्टेंबरातली सकाळ होती, आभाळ भरून आलेलं. हिंगणीच्या आमच्या वावरात मी बाजारासाठी सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटत होते. दाट वाफ्यात हात घातला आणि मनगटाजवळ चटका बसला. नाग होता. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. बाबांनी मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. गावात सगळे त्यांना नानाजी म्हणतात. त्या दिवशी नानाजींच्या पायात चप्पलही नव्हती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मला एकाचे दोन बाबा दिसायला लागले. मग डोळे मिटले, जीभ जड झाली, मान पडली. श्वास घ्यायला छाती उचलेना. डोकं मात्र लख्ख जागं होतं.

मला ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं आणि तो आवाज आला.

"ताई, मी धनंजय. तुमाले बोलता येत नाई, पण आयकू येते, मले माहीत आहे. आता हनवटी वर करतो. तोंडातलं पाणी काढतो, घर्रर्र आवाज येईन. भ्याचं नाई."

नाकातोंडावर मास्क घट्ट बसला. त्याला जोडलेला रबरी फुगा तो दाबायचा आणि माझ्या छातीत हवा शिरायची. "एक, दोन, तीन, चार, पाच... घ्या. एक, दोन, तीन..." मी कोणाचं इतकं ऐकलेलं आईला आठवत नसेल. पण तो म्हणेल तेव्हाच मला श्वास मिळत होता, आणि मी प्रत्येक वेळी त्या 'घ्या'ची वाट पाहत होते.

मध्येमध्ये तो बोलत होता. "मी पवनारचा. आमच्याकडंही भाजीच. हिंगणीची वांगी खाल्ली मी, ताई. राग नका मानू... पण पवनारच्या वांग्याची चव नाई त्यायले." माझ्या अंगाची तळपायापासून आग झाली. मरता मरता हे ऐकून घ्यायचं? बोलता येत असतं तर तिथेच उतरवला असता त्याला.

सेलूच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. गाडी आदळू लागली. माझी पापणी वर करून त्याने टॉर्च मारला. "बाहुली हलून नाई राह्यली..." तो पुटपुटला. मग मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. त्याचं मोजणं थांबलं.

माझ्या पायाशी बसलेले बाबा त्याला म्हणाले. "बस कर, बापू. नको तरास देऊ तिले आता. गेली माही पोरगी."

आणि फुगा थांबला.

मी आत किंचाळत होते... मी आहे, बाबा, मी इथेच आहे! बाहेर काहीच गेलं नाही. मग मीच मोजायला लागले, त्याच्यासारखं. पाच झाले, दहा झाले, 'घ्या' कोणी म्हणेना. एकोणिसावर होते तेव्हा समोरून ड्रायव्हर बंडूजी खेकसले, "हलत्या गाडीत मनगट काय पाह्यतं बे! थांब, उभी करतो. मान पाह्य तिची!"

गाडी थांबली. माझ्या मानेवर दोन बोटं टेकली.

"आहे! नानाजी, आहे ना! जित्ती आहे!"

पुन्हा हवा आली. दवाखान्यापर्यंत तो मोजत होता आणि रडत होता.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घशातून नळी घातली, मशीन लावलं, विषावरचं औषध दिलं. चौथ्या दिवशी नळी निघाली. संध्याकाळी खाटेशी एक जण येऊन उभा राहिला. आवाजावरून मी चांगला देखणा माणूस मनात धरला होता. हा सावळा, किडकिडीत, कान बाहेर आलेला.

"ओळखलं काय?"

घसा खरवडून निघाला होता. तरी मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "वांगी... आमचीच चांगली."

तो हसला. मग ते हसू विरलं. "म्हणजे... सगळं आयकलं तुमी?"

खाटेच्या पायथ्याशी बाबा दुधाचा गिलास घेऊन उभे होते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"थोडंसं," मी म्हटलं. "वांग्यापर्यंत. मंग काईच आठवत नाई."

खोटं बोलायला मला एरवी वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही. दोघांनीही खाली पाहिलं.

दवाखान्यात मी आणखी आठ दिवस होते, तो आठही दिवस ड्यूटी संपल्यावर आला.

"कसं वाटते ताई आज?"

"ताई म्हणसान तर मशीन परत लावा मले."

"मंग काय म्हणू?"

"नाव आहे ना."

"मंजुषा..." तो म्हणाला आणि त्याचे ते कान लाल झाले. मला फार मजा वाटली.

"रोज काऊन येता?"

"पेशंट पाह्याले."

"वार्डात तीस पेशंट हायेत."

"त्यायले वांग्यातलं काई समजत नाई."

मी घरी आले तरी फोन सुरू राहिले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बोलता बोलता मी गप्प झाले की तो घाबरायचा. "मंजुषा? आहेस ना?" मी मुद्दाम थोडा वेळ थांबायचे, मग म्हणायचे, "आहे." पण रात्री झोपताना त्याच्या आवाजाबरोबर ते एकोणीस आकडेही यायचे. ज्या हाताने जगवलं, तोच हात थांबला होता. प्रेम होतं, आणि त्याच्याखाली हे होतं.

दिवाळीनंतर त्याच्या काकांनी आमच्याकडे लग्नाचा शब्द टाकला. आई खूश होती. बाबांनी सुपारीचं खांड उगाच बोटात फिरवलं. "नाई जमत," ते म्हणाले. "काऊन?" आईने विचारलं. "नाई म्हणजे नाई." आणि ते उठून वावरात गेले. कारण मला कळत होतं. तो मुलगा दारात आला की बाबांना आपलेच शब्द ऐकू येणार होते. पण ते सोडवायचं तर मी सगळं ऐकलंय हे त्यांना सांगावं लागणार होतं. म्हाताऱ्या बापाला ते सांगू, की धनंजयला सोडू? दोन्ही मला जमत नव्हतं.

मी बसने पवनारला गेले. आभाळ गढूळ होतं. धाम नदीच्या काठी दगडावर तो बसला होता, माझ्याकडे न बघता.

"एक सांगाचं राह्यलं," तो म्हणाला. "आदी सांगाले पाह्यजे होतं. सेलूच्या अलीकडे मी... मी फुगा सोडला होता, मंजुषा. हलत्या गाडीत नाडी नाई लागली. वाटलं, गेलीस. बंडूजी नसते तर—" त्याने काठावरचा खडा पाण्यात टाकला. "तुहे बाबा नाई म्हणून राह्यले, बरोबरच आहे त्यायचं. तुले तरी काऊन मागू मी?"

"तू आपल्या मनानं थांबला?"

"हो."

"कोणी थांब म्हटलं नाई?"

तो नदीकडे पाहत राहिला. "कोण म्हणन? तुहे बाबा तर नुसते रडून राह्यले होते. चूक माही. एकट्याची."

किती सरळ खोटं बोलला तो! ज्या माणसाने त्याला नकार दिला, त्याचं नाव त्याने माझ्यासमोर येऊ दिलं नाही. माझ्या मनात इतके दिवस जे अडकलं होतं, ते तिथे सुटलं. मी त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"मले सगळं आयकू आलं होतं, धनंजय. सगळं." मी म्हटलं. "अन् मले तूच पाह्यजे."

त्याने हात ओढून घेतला नाही. पण म्हणाला, "त्यायले सांगू नको. सहन नाई होणार त्यायले."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा वांग्यांना पाणी देत होते. मी पाटाच्या काठावर उभी राहिले. "गाडीत तुमी 'बस कर' म्हटलं, ते मी आयकलं होतं. तुमाले माहे हाल पाहवत नव्हते, मले समजते. पण धनंजयनं तुमचं नाव नाई घेतलं. सगळं सोताच्या अंगावर घेतलं त्यानं."

बाबा फावडं टेकून उभे राहिले. पाणी वाफा भरून बाहेर वाहू लागलं, तरी त्यांनी ते वळवलं नाही.

"मले माहीत होतं तू आयकलं ते," ते म्हणाले.

"कसं?"

"दवाखान्यातून आली तवापासून तू मले 'बाबा' म्हणून हाक नाई मारली. जेवाले चला म्हणतं, चहा घ्या म्हणतं... बाबा म्हणत नाई."

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. मला वाटत होतं मी त्यांना जपतेय, आणि मी त्यांना रोज शिक्षा देत होते. ते रोज ती मुकाट्याने घेत होते.

मी चिखलात उतरले. "बाबा," मी म्हटलं. बाबा फावड्यावर डोकं टेकवून लहान मुलासारखे रडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या पोराले म्हण, आयतवारी जेवाले येजो."

संध्याकाळी मी फोन केला. बाबांचा निरोप त्याला सांगितला.

"येईन मी," तो म्हणाला. "पण त्यायच्यासमोर माह्या गळ्याखाली घास उतरन काय?"

"माह्याही नाई उतरणार. अन् त्यायच्याही नाई," मी म्हटलं. "तरी ये."