तिसरा स्पीकर

दादाच्या जुन्या गिटार ॲम्प्लिफायरचा स्पीकर शेवटी फाटलाच. चाळीस वर्षं वाजलेला त्याचा कागद बोट लावलं की पापुद्र्यासारखा सुटून येत होता. दादानं तो जड डबा छातीशी कवटाळून बहिणीच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला आणि टेबलावर ठेवून दम खात बसला. बहिणीची पन्नाशी उलटली होती, तरी घरात ती अजून धाकटीच होती.

दादा वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. हल्ली त्याची बोटं जड झाली होती, ठेका निसटत होता. परवा संचालकांनी सगळ्यांदेखत तसं ऐकवलंही. दोष स्पीकरचाच, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं. धाकटीनं वाद घातला नाही. मापात बसतील असे तीन जुने स्पीकर तिनं फडताळातून काढले, धूळ झटकली आणि एकेक जोडून बघू म्हणाली.

पहिल्याचा आवाज भरदार होता, पण तिला ऐकताना चैन पडेना. दादाचं बोट तारेला लागायच्या किंचित आधी सूर येतोय असं वाटत होतं. डोळे थकले असतील म्हणून तिनं चष्मा पुसला.

दुसऱ्याच्या वेळी शंका उरली नाही. सूर यायचा, मग बोट हलायचं. तिनं तपासणीचं यंत्र जोडलं. पडद्यावर गिटारची रेघ आधी उठायला हवी, स्पीकरची मागून. इथे उलटं होतं. तिनं वायरींची अदलाबदल केली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तेच. तीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. ती उगाच दोनदा दारापर्यंत जाऊन आली. दादाला मात्र यातलं काही जाणवलं नव्हतं. किती दिवसांनी ठेका हाती लागला, एवढंच तो सांगत राहिला.

तिसरा जोडला. दादा मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसला होता, आणि स्पीकरमधून एक अख्खी धून वाजली. मग दादानं गिटार उचलली आणि तीच धून वाजवली, मधल्या अडखळण्यासकट.

"हाच बसव," तो म्हणाला.

"दादा, तू हात लावायच्या आधीच वाजला तो."

"मी वाजवणारच होतो ना."

घरी वहिनी वाट बघत असेल, म्हणून तो उठला. डबा उचलून आणल्यानं डावा हात भरून आलाय, असं म्हणाला, आणि तोंडावर पाणी मारायला आतल्या खोलीत गेला. गिटार खुर्चीवर तशीच होती, वायर लावलेली. जवळ कुणी बोललं तरी तारा थरथरतात आणि तो आवाज स्पीकरमधून पुसट येतो, हे धाकटीला ठाऊक होतं.

पण खोलीत कुणी बोलत नव्हतं.

स्पीकर खरखरला. मग एका बाईचा आवाज आला, दबका, जपून बोलणारा.

"वहिनी, मी बोलतेय. तुम्ही आधी खाली बसा."

तो तिचाच आवाज होता.

तिनं वायर उपटून काढली.

आतला नळ बंद झाला. दादा तोंड पुसत दारात आला.

"वहिनीला फोन केलास का? तुझा आवाज आला."

धाकटीची नजर त्याच्या डाव्या हाताकडे गेली.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."