मंगळवारची घार

“कुणाला पटायचं नाय, पण सांगतो,” म्हणत धाकलूबाबांनी अंगणात बैठक मारली. समोर नात स्नेहल. तिच्या पुढ्यातला चहा केव्हाच निवून गेलेला.

तानसाच्या तलावात आपण वाघाला पोहायला शिकवलं, असं बाबांनी एकदा अख्ख्या धसईच्या बाजाराला सांगितलं होतं. आज मात्र थाप मारायला कारण होतं. पोरगी नीट जेवत नव्हती.

स्नेहलच्या कंपनीने जमिनीचे फोटो काढणारा उपग्रह बनवला होता. पहिला फोटो आपल्या गावाचा, असं ती म्हणाली होती. म्हणून बाबांनी यंदा शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजला तोही ऐसपैस, रोपांच्या जागेचा काळा चौकोन वरून ठळक दिसावा असा. पण रॉकेट वर गेलं आणि बिघडलं. उपग्रह समुद्रात पडला. स्नेहल नोकरी सोडून आली, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

“तुझा तो पडला नाय गो,” बाबा म्हणाले. “रोज भर दुपारी वरनं जातो. आभाळ कोरं. घार नाय, विमान नाय. आणि आपली कोंबडी मान तिरकी करून वर बघते, पिल्लांना पंखाखाली घेते. मी टोपी काढून उभा राहतो.”

सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते आभाळ दिसलं. केवढं ते! आणि त्यातून कुणीतरी आपल्या राबाकडे बघत चाललेलं. त्यांचा आवाज खाली आला.

स्नेहल किंचित हसली. तिने कप उचलला.

दारात सकुबाई तांदूळ पाखडत होती. नवऱ्याच्या थापेला या बाईने जन्मात मान डोलावली नव्हती.

“खोटं बोलू नका,” ती म्हणाली.

बाबा ओशाळले.

“रोज कुठे? मंगळवारी फक्त. तेपण सकाळी, मुरबाडची एसटी गेली की. आधी उत्तरेकडच्या, वरच्या पाड्याच्या कोंबड्या गप होऊन लपतात, मग आपल्या, मग खालच्या. तुमी तर तेव्हा बाजारात असता. तुमाला कुणी सांगितलं?”

कोंबडी तर बाबांनी सकाळी दात घासताना रचली होती.

स्नेहलचा कप हातातच राहिला.

“एसटी साडेदहाची ना?” तिने विचारलं. मग हळू म्हणाली, “मंगळवार, साडेदहा. उत्तरेकडून दक्षिणेला. उपग्रह गावावरून जायची हीच वेळ ठरली होती. हे मी घरात कधी बोलले नव्हते, आजी.”

सकुबाईचं सूप थांबलं.

“आधी कोंबड्या लगेच बाहेर यायच्या,” ती म्हणाली. “तू आल्यापासून ते वरचं लवकर हलत नाय, लय वेळ लपून राहतात.”