पायरीवरचं घर

वस्तीतल्या नळापाशी एक माणूस वही उघडून शेळीची मुलाखत घेतोय, असं वकीलबाईंना वाटलं. जवळ गेल्यावर शेळीच्या मागे म्हातारी दिसली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"मी मानववंशशास्त्रज्ञ. दीड वर्ष इथेच राहतोय," तो म्हणाला.

"बरं झालं. सोमवारी कोर्टात यादी द्यायचीय, नाहीतर वस्ती पाडतील. घरं किती?"

"घर म्हणजे... नक्की काय?"

वकीलबाईंनी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. पुढच्या आठवडाभरात ते बरेचदा मोजावे लागले.

त्याचं म्हणणं, इथे घर छपरावरून ठरत नाही. रोज संध्याकाळी एका पायरीवर बसून जे भांडतात, ते एक घर. वकीलबाईंचं म्हणणं, हे न्यायाधीशांना तुम्हीच सांगा. हा वाद शाळेच्या पायरीवर रोज रंगायचा. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, तेही रागाच्या भरात. बोलता बोलता तो त्यांच्या खांद्यावरचं गवताचं पातं अलगद काढायचा — मुद्दा न सोडता. त्यांना त्याचाही राग यायचा. विशेषतः खांद्यावर गवत नसायचं तेव्हा.

शेवटी मोजणी त्याच्याच पद्धतीने झाली. म्हातारीने नावं सांगितली, शाळेच्या मास्तरांनी लिहिली आणि वकीलबाईंनी शेवटचं पान न वाचताच सही ठोकली.

सोमवारी तो साक्षीला उभा राहिला. सरकारी वकिलांनी नेमकं तेच पान काढलं.

"घर क्रमांक बेचाळीस. 'वकीलबाई आणि तो वहीवाला.' एक नोंद खोटी, तर अख्खी यादी खोटी, साहेब."

मागच्या बाकांवर बसलेली वस्ती पुढे सरकली.

"नोंद खरी आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्याकडून... खरी आहे, साहेब," तो म्हणाला. "पण घराला दोघं लागतात."

वकीलबाईंचे कान तापले. "खरी आहे. पण हे आधी मला सांगायचं होतंस ना? शपथ घेऊन काय सांगतोस?"

"मंगळवारी सांगणार होतो. तू म्हणालीस, विषयाला धरून बोल."

"मंगळवारी तू तीन तास पायरीची व्याख्या सांगत होतास."

"कारण तू हसत होतीस... म्हणून लांबवली."

न्यायाधीशांनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं.

"घर म्हणजे काय, ते कोर्टाला समजलं," ते म्हणाले. "यादी मान्य. पाडकाम थांबवा."

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी फायलींचा गठ्ठा त्याच्या हातात कोंबला आणि मोकळ्या झालेल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"मंगळवार नव्हता तो. बुधवार होता."

"घरी जाऊन भांडूया?"

"चल."