मिटलेली वही

सात रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या गठ्ठ्यातलं एक पान एका अनोळखी माणसाच्या कागदांत गेलं. परत द्यायचं सोडून तो ते उभ्या-उभ्या वाचत होता!

"अहो, पान द्या माझं."

"देतो की... एवढी ओळ संपू द्या."

बाहेर एप्रिलचं ऊन, आत गरम कागदाचा वास, आणि हा ओठ हलवत माझ्या पीएच.डी.मधली गणिताची सिद्धता वाचतोय. मी पान ओढूनच घेतलं.

चन्नवीर त्याचं नाव. माढ्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा. "शनिवारी विद्यापीठाच्या लायब्ररीत काम असतं," म्हणाला. आणि शनिवारी खरंच... माझ्या समोरच्याच टेबलावर!

मला ते खटकलं. दोन वर्षांपूर्वी माझी एक कल्पना एका सीनियरने स्वतःच्या नावावर छापली होती. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी माझी फाइल बंद करायचे.

"त्या पानात काय आहे, सांगाल?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"उत्सुकता."

"गणिताची?"

"...त्याचीही."

हसू आवरत मी सांगितलं. "जागेच्या कुठल्याही उघड्या तुकड्यात ज्याचा बिंदू सापडतोच, तो डेन्स सेट. असे डेन्स सेट एकामागून एक येत राहतात. प्रत्येकातून मोजकेच बिंदू निवडायचे. निवडलेले सगळे मिळून पुन्हा डेन्स करता आले, तर जागा चांगली. दोन चांगल्या जागांचा गुणाकारही चांगलाच असतो, हे मी सिद्ध केलंय."

"कायम?"

"कायम."

त्याने वही पुढे ओढली आणि काहीतरी खरडलं.

पुढचे दोन शनिवार तो चहा आणायचा, माझ्याकडे बघायचा, मी बघितलं की खिडकीबाहेर बघायचा. मला आवडत होतं ते. पण मी जवळ गेले की त्याची वही पटकन मिटायची. का?

त्यानंतरच्या शनिवारी मैत्रीण काव्या धावत आली. "शिवलीला, तो चन्नवीर तुझ्या सरांना विचारत होता, तू पेपर कधी पाठवणार म्हणून!"

पेपर सोमवारी जाणार होता. तो गावी जायला निघून गेला होता. मी रिक्षा करून थेट एसटी स्टँड गाठलं. तो माढ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला होता, वही मांडीवर.

"द्या ती."

"शिवलीला, ऐका तर—"

मी हिसकावलीच. पहिल्याच पानावर माझी सिद्धता, जशीच्या तशी. डोळ्यांत पाणी आलं. पान उलटलं... आठव्या ओळीखाली लाल रेघ. 'निवड आधी करायची असते. इथे तुकडा बघून निवड केली आहे.' पुढे वीस-बावीस पानं खाडाखोड.

मी ओळ परत वाचली. खरंच चुकलं होतं.

"झेरॉक्सच्या दुकानातच दिसलं होतं," तो हळूच म्हणाला. "घरी जाऊन आठवून उतरवलं. वाटलं, दुरुस्त करूनच सांगावं. म्हणून तारीख विचारली. जमलं न्हाय मला."

"तीन आठवडे गप्प बसलात? माझं काम आहे ते! सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं."

"व्हय. चुकलंच माझं."

त्याने सबब सांगितली असती तर मी उठून गेले असते. बाहेर अवकाळी थेंब पडायला लागले. मी त्याचंच पेन घेतलं, वही गुडघ्यावर ठेवली. माढ्याची गाडी आली, गेली... तो हलला नाही.

"दोनपैकी एका जागेवर अट घातली तर?" मी पुटपुटले. "तिथे मोजता येतील एवढ्याच तुकड्यांवर भागत असेल, तर प्रत्येक तुकड्यासाठी सेटची वेगळी रांग लावायची. मग तुकडा आधी बघितला तरी चालतो!"

तो वाकून वाचत राहिला. खांद्याला खांदा लागला... मी सरकले नाही.

"बसतंय की हो," तो म्हणाला. "लई छान बसतंय!"

प्रमेय लहान झालं होतं. पण उभं होतं.

"आणखी काही लपवलंय?" मी डोळे बारीक केले.

"एक..." त्याचे कान लाल झाले. "गणितातला हा टोपॉलॉजीचा भाग माझा विषय न्हाय. लायब्ररीत मला शनिवारी कसलंच काम नसतं."

"मग ऐंशी किलोमीटर कशाला येता?"

"तुम्ही असता म्हणून."

पावसाचा आवाज पत्र्यावर वाढला. एवढ्या सरळ वाक्यात संशय घ्यायला मला काहीच सापडेना.

"येत्या शनिवारी लायब्ररी बंद आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला.

"आमचं घर उघडं आहे. शुक्रवार पेठेत. या."