एकाच जागेसाठी दोघं

मुलाखतीच्या खोलीबाहेर, बाकावर बसून ती डोळे मिटून पुटपुटत होती, "नदीच्या तळाशी साचणाऱ्या गाळाचा मी अभ्यास..."

"आधी नदी सांगा हो," शेजारून आवाज आला. "नाहीतर पहिल्याच वाक्यात गाळात जाल."

तिने डोळे उघडले. चष्म्याआडून हसणारा एक किडकिडीत मुलगा.

"तुम्ही परीक्षक?"

"छे! प्रतिस्पर्धी. माझं शेवाळ आहे."

तिला फस्सकन हसू आलं. संशोधनाची ती जागा मात्र तिसऱ्याच कुणीतरी पटकावली. मग दोघं ग्रंथालयात शेजारी बसून अर्ज लिहू लागली. नकारामागून नकार येत होते. ती हिरमुसली की तो म्हणायचा, "आज एकच परिच्छेद, मग चहा." तो वैतागला की ती त्याचाच मसुदा बातम्यांच्या थाटात वाचून दाखवायची. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"नकार घेऊन इतक्या खुशीत घरी येणारी तू पहिलीच," ताईने टोमणा मारला. तिचे कान तापले.

आणि परगावच्या एका मोठ्या संशोधन केंद्राची जाहिरात आली. जागा एकच.

"अर्ज दोघांनीही भरायचा," तो म्हणाला. "आणि एकमेकांचे तपासायचे. अगदी निष्ठुरपणे."

त्याने खरोखरच तिच्या अर्जाचा अख्खा शेवट खोडायला लावला. ती चिडली, रडकुंडीला आली, पण नव्याने लिहिलेला शेवट कितीतरी चांगला उतरला.

निवड तिची झाली. केंद्रातून फोन आला तेव्हा ताईने तिला गरगर फिरवलं. तिने लगेच त्याला कळवलं.

"अभिनंदन..." तो म्हणाला आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्याची खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही.

"जा की त्याच्याकडे," ताई म्हणाली. "तोंड लपवायला तू चोरी केलीस का?"

तो कॉलेजमागच्या तळ्यावर सापडला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठाचं शेवाळ खरवडत होता.

"रागावलायस?"

"हो. स्वतःवर..." तो वर न बघता म्हणाला. "थोडा तुझ्यावरही. खोटं कशाला बोलू? पण काल एकदम धसकाच बसला. तू निघून जाशील आणि मी इथे रुसून बसलेला... सांगायचं तसंच राहील."

"काय सांगायचं?"

त्याने शेवाळाच्या बाटलीचं झाकण उगाचच घट्ट केलं. "नकार पचवायला शिकलोय मी. पण तुझा — तुझा नाही पचणार."

ती तिथेच दगडावर बसली. छातीवरचं ओझं असं झरकन उतरलं की हसावं की रडावं, तिला समजेना.

"शहाण्या, जीव टांगणीला लावला होतास माझा!"

"म्हणजे?"

"म्हणजे हो! आणि तुझा पुढचा अर्ज आज संध्याकाळी. मी तपासणार. निष्ठुरपणे."

तो हसला — किती दिवसांनी! ओले हात तो पँटला पुसू लागला. ते पुरते कोरडे व्हायची वाट काही तिने पाहिली नाही.