पिवळं बटण

मल्टीमीटरला झोप फार, ही कमळाकरची जुनी तक्रार होती. सेल वाचावा म्हणून पंधरा मिनिटांनी तो आपोआप बंद पडायचा. माणूस पॅनलमध्ये डोकं घालून, दोन्ही हातांत मीटरच्या तारांची टोकं, म्हणजे प्रोब, धरून उभा, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन कोरी. ज्याने ही सोय केली त्याने जन्मात कधी पंपरूम बघितली नसणार, असं तो म्हणायचा.

मुख्तारने त्यावर तोड काढली होती. मुख्तार रायगडच्या किनाऱ्याचा, कमळाकर साताऱ्याचा. सानपाड्यातल्या सोसायट्यांची वायरिंगची कामं दोघं बावीस वर्षं जोडीने करत होते. प्रोब मुख्तार धरायचा, मीटर कमळाकरच्या हातात. कमळाकरने मधूनमधून अंगठ्याने पिवळं बटण दाबायचं, की टीक असा बारीक आवाज होऊन मीटर जागा राहायचा. मुख्तार मागे न बघता विचारायचा, "बोल." कमळाकर आकडा सांगायचा. त्यानंतरच मुख्तार तारेला हात लावायचा.

नोव्हेंबरात एका सोसायटीच्या पंपरूममध्ये कमळाकर बटण दाबायला विसरला. मोबाइलवर मेव्हण्याचा मेसेज आला होता, तो वाचत होता. "बोल," मुख्तार म्हणाला. कमळाकरने कोऱ्या स्क्रीनकडे ओझरतं बघितलं आणि सांगितलं, "काय नाय." मुख्तारने हात घातला. तारेत करंट होता.

पोलिसांना कमळाकरने सांगितलं की मुख्तारने न विचारताच हात घातला. तळवलीला मुख्तारच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला, अख्तरुन्निसालाही तेच सांगितलं. बावीस वर्षांत कधी घाई न केलेला माणूस मेल्यावर धांदरट ठरला. त्याचा मुलगा तबरेजही वायरमन; बापाचा विषय निघाला की तो उठून जायचा. हे सगळं कमळाकरला दिसत होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. दफनाच्या दिवसापासून तो आतून सुन्न होता. उजवा अंगठा तर खरोखरच बधिर झाला होता. चहाचा ग्लास गरम आहे की गार, तेही त्याला कळायचं नाही.

जानेवारीत त्याने पुन्हा काम धरलं, आणि मीटर झोपेनासा झाला.

सुरुवातीला त्याला बरंच वाटलं. नेरुळच्या एका फ्लॅटमध्ये मीटर खिडकीत ठेवून तो तासभर खपत होता, स्क्रीन चालूच. मग लक्षात आलं की दर दहा मिनिटांनी टीक होतंय. खिडकीपाशी कोणी नव्हतं.

वाशीला जयमालाबाई मीटर दुरुस्त करायच्या. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला, खोलून बघितला, सेल बदलले.

"बटण ओके आहे, कमळाकरभाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बरोब्बर पंधरा मिनिटांत झोपतो."

त्यांनी चहा मागवला. मीटर दोघांच्या मधे काउंटरवर होता. चहा संपत आला तेव्हा टीक झालं. जयमालाबाईंनी तो बोटाने त्याच्याकडे सरकवला.

मार्चमध्ये त्याच पंपरूमचं काम आलं. भर दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी चावी देऊन गेले. आत ग्रीसचा आणि ओल्या सिमेंटचा तोच वास होता. कमळाकरने मेन स्विच खाली पाडला, मीटर मागच्या खिळ्याला टांगला आणि आता प्रोब स्वतःच धरले. टीक झालं. त्याने लक्ष दिलं नाही.

पॅनलमध्ये वाकला तसा मुख्तारच्या सवयीचा शब्द त्याच्या तोंडून निघून गेला.

"बोल."

"काय नाय," मागून कोणी तरी म्हणालं.

आवाज मुख्तारचा असता तर तो पळून गेला असता. आवाज त्याचा स्वतःचा होता.

त्याने मान वळवली. मागे कोणी नव्हतं. जानेवारीपासून त्याच्यासमोर पहिल्यांदाच स्क्रीन कोरी होती.

तार हातापासून वीतभर लांब होती. त्याला भीती वाटली नाही. हात घातला तरी चालेल, एवढंच वाटलं.

"बंद पडलाय," तो म्हणाला. "मी बटण दाबलं नव्हतं, मुख्तारभाई."

टीक.

स्क्रीन उजळली. दोनशे चौतीस व्होल्ट. मेन स्विच खालीच होता.

मीटर खिळ्यावर तसाच सोडून, दाराला कुलूप घालून तो थेट तळवलीला गेला. अख्तरुन्निसा तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोर खुर्चीत बसून त्याने सगळं सांगितलं. मेसेज, कोरी स्क्रीन, पोलिसांपुढची थाप, काही लपवून ठेवलं नाही. आतल्या खोलीच्या दारात तबरेज येऊन उभा राहिला.

अख्तरुन्निसाचा हात सुपातच थांबला होता.

"तुमी 'काय नाय' बोललात," ती म्हणाली. "मग ते काय बोलले?"

"'बरं' म्हणाला."

"बरं," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने सूप बाजूला ठेवलं.

टीक.

तिघांनीही ऐकलं. तबरेजने खोलीभर नजर फिरवली. मीटर तिकडे सानपाड्याला, कुलपात होता.

कमळाकरने मांडीकडे पाहिलं. त्याच्या रिकाम्या मुठीवर उजवा अंगठा खाली दबला होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या अंगठ्याला काही तरी जाणवत होतं.

वरून दुसरा एक अंगठा टेकला होता. थंड, प्रोब धरधरून घट्टे पडलेला. तो दाबत होता.