‘सेट’ची एकशे एकोणिसावी चिठ्ठी

“हलू नका हं. सेट व्हायला दहा मिनिटं लागतात.”

ती एवढेच म्हणाली, आणि ओल्या प्लास्टरमधल्या मनगटाची कळ विसरून तो थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिला.

“काय झालं? जास्त आवळलं का?”

“नाही... तुम्ही आत्ता म्हणालात ना, ते वाक्य मला लिहून घ्यायचंय.”

तो शब्दकोशाच्या कार्यालयात कामाला होता. तिथला दंडक कडक – प्रत्येक अर्थासाठी खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेले वाक्य हवे. मनाने रचलेले एकही चालणार नाही. ‘सेट’ या एवढ्याशा इंग्रजी शब्दाने त्याचे चार महिने खाल्ले होते. कपबश्यांचा सेट, नाटकाचा सेट, नव्या नोकरीत सेट झालेला भाचा... एकशे अठरा चिठ्ठ्या भरल्या होत्या. ओली वस्तू घट्ट होण्याचा अर्थ तेवढा उरला होता, आणि त्यासाठीच वरचा जुना खंड काढताना तो शिडीवरून पडला होता.

“मग लिहा की!” ती म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या उजव्या हातावर गेली. “अरेच्चा, लिहिणार कशानं? आणा इकडे.”

पांढऱ्या, ओलसर बोटांनी तिने त्याच्या खिशातली कोरी चिठ्ठी भरली. “बोलणाऱ्याचा व्यवसाय... प्लास्टर घालणे. इथे सगळे मला प्लास्टरताई म्हणतात.” मग मान वर न करता – “तुम्ही नाही म्हटलंत तरी चालेल.”

दर सोमवारी तो तपासणीला येऊ लागला, आणि ती त्याच्यासाठी वाक्ये जमवून ठेवू लागली. आत्याने सेट करून घेतलेले केस, शेजाऱ्यांनी चुकून पहाटे तीनला सेट केलेला गजर...

“केवढं मावतं हो या एका शब्दात!” ती डोळे विस्फारून म्हणे. चार महिने आपण हे नुसतेच मोजत होतो, असे त्याला वाटे.

सहाव्या सोमवारी प्लास्टर कापले गेले. आतून निघालेला हात फिकट, बारीक, परक्या कुणाचा वाटावा असा. तिने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. भेगेभोवती नव्या हाडाचा धूसर ढग जमला होता.

“हे... आपोआप झालं?”

“मी फक्त बाहेरून धरून ठेवलं. जुळवलं ते तुमचं तुम्हीच.”

सहा आठवडे, अंधारात, त्याला न विचारता, एवढे मोठे काम चालले होते!

“झालात बरे,” ती म्हणाली. हात मात्र तिने सोडला नव्हता. “आता यायची गरज नाही.”

दारात पुढच्या नंबरच्या आजी कुबडी सावरत उभ्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये टिपणाऱ्या माणसाला स्वतःचे एक वाक्य जुळेना.

“गरज नसताना आलो तर... चालेल?” तो आजींकडे न बघता म्हणाला. “मला तुम्ही आवडता. खूप. म्हणजे – हात मोडला म्हणून नव्हे...”

“अगं, हो म्हण की लवकर,” आजी म्हणाल्या. “माझा पाय ठणकतोय.”

तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. “सहाला सुटते मी. फाटकापाशी थांबा. उशीर झाला तर निघून जाऊ नका.”

“नाही जाणार.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. तो सरळ फाटकाकडे गेला, आणि उभा राहिला.